कन्हानकाठचे कहू

मामीचा फोन मी पहिल्या वेळी उचलला नाही. दोन्ही हातांत एक ओलं छायाचित्र होतं. जुन्या फोटोंची डागडुजी हा माझा व्यवसाय आहे, आणि कागद मागच्या पुठ्ठ्यापासून सुटायला लागला की मध्येच थांबता येत नाही. थांबलं की तो फाटतो. फोन टेबलाच्या कडेला थरथरत राहिला, बंद झाला, पुन्हा थरथरला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी कोपराने स्पीकर लावला. "वैशू," मामी म्हणाली, "तुह्या मामाले दवाखान्यात आनलं हाय. ये तू." आवाज अगदी सरळ होता. त्यात 'लवकर' हा शब्द नव्हता... आणि तो नव्हता म्हणूनच मला कळलं. कागद तसाच काचेवर पसरून ठेवून मी निघाले. मनीषनगरच्या पुलावर गाड्या अडकल्या होत्या आणि मी स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या ऑटोचा नंबर पुन्हा पुन्हा वाचत होते. पोचले तेव्हा मामी बाकावर बसली होती. तिच्या मांडीवर मामांचा चष्मा आणि पाकीट होतं. सकाळी दूध आणायला म्हणून ते खाली उतरले, जिन्यात छातीला हात लावून बसले, आणि पुन्हा उठले नाहीत.

आता पाच आठवडे होऊन गेले. भेटायला येणारे विचारतात, कसे होते गं तुझे मामा? मी सांगायला लागते आणि दर वेळी एका फोटोपाशी येऊन अडते. त्या फोटोपायी मी त्यांच्याशी आठ महिने बोलले नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण ते लपवून लिहिलेलं त्यांना आवडलं नसतं.

पुंडलिकमामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. वनखात्यात लागले ते शिपाई म्हणून, निवृत्त झाले वनपाल म्हणून. सगळी नोकरी जंगलात गेली, चांद्याकडे, भंडाऱ्याकडे, शेवटची काही वर्षं नागपूरच्या आसपास. अंगाने लहानखुरे, लग्नकार्यात कोपऱ्यातली खुर्ची धरून बसणारे, कुणी बोललं तर तेवढ्यापुरतं बोलणारे. माझे वडील मी सहावीत असताना गेले, तेव्हापासून दर उन्हाळ्याची सुट्टी मी मामांच्या क्वार्टरवर काढली. ते मला एक पान दाखवायचे, "पाय नीट", म्हणजे नीट बघ, असं म्हणायचे, आणि पान मुठीत लपवून विचारायचे, कडेला दाते होते का, देठ केवढा होता, शिरा समोरासमोर होत्या की एकाआड एक? चुकलं तर पान पुन्हा दाखवायचे नाहीत. "आता उद्या," म्हणायचे. बघायचं कसं, हे मी असं शिकले. पुढे त्याच बघण्यावर माझं पोट चाललं आणि मला वाटायला लागलं की या बाबतीत मी त्यांच्या पुढे गेले आहे.

नागपुरात जरीपटक्यात लालचंदजी नावाचे एक कापडाचे व्यापारी आहेत. त्यांच्या वडिलांनी कधीकाळी एका इंग्रज बंगल्यातलं जुनं सामान विकत घेतलं होतं. त्यातल्या एका आरशामागे पुठ्ठा म्हणून लावलेला एक फोटो निघाला, तो घेऊन ते माझ्याकडे आले. बुरशी चढलेली, एक कोपरा वाळवीने खाल्लेला. पण चित्र असं, की मी हातमोजे घालायचे विसरून बघत राहिले. नदीकाठी सात प्रचंड झाडं. एकेकाचा बुंधा एवढा की चार माणसांची कव पुरणार नाही. पांढुरकी, पोपडे सुटलेली साल, मुळाशी भिंतीसारखे फाकलेले खोडाचे पाय. आणि त्यातल्या एका झाडाला टेकून उभा असलेला एक माणूस, धोतर नेसलेला, उघडा, झाडापुढे बोटाएवढा दिसणारा. एकोणिसाव्या शतकातलं काम, हे कागदावरूनच दिसत होतं. तेव्हा काचेवर फोटो घेत आणि अंड्याचा पांढरा बलक लावलेल्या कागदावर तो छापत. काच बराच वेळ उघडी ठेवावी लागे, त्यामुळे वाऱ्याने हललेली पानं धुक्यासारखी पुसट आली होती. बुंधे मात्र सुईने कोरल्यासारखे.

पाठीमागे एका नावाजलेल्या इंग्रज छायाचित्रकाराचा अर्धवट शिक्का होता. हा माणूस काश्मीरला गेला होता, तिथल्या चिनारांचे फोटो त्याने घेतले होते, आणि त्यातला एक फोटो कुणालाच सापडलेला नाही, असं मी वाचलं होतं. पांढुरकी पोपड्यांची साल, नदीचा काठ, अवाढव्य बुंधा... चिनारच. धोतरवाला माणूस? साहेबाने खालच्या मैदानी मुलखातून बरोबर नेलेला हमाल असणार. पानांचा आकार दिसत नव्हता, तर तो दिसत नाही हे मी सोयीचं मानलं. जे मला हवं होतं ते मी जुळवत गेले, आणि अडीच महिने त्या कागदावर काम करत करत माझी खात्रीच झाली. मुंबईच्या एका लिलावसंस्थेने फोटो घेतला, टिपण माझं घेतलं, आणि कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर ती सात झाडं छापली. आत पहिल्यांदाच माझं नाव होतं. लिलाव नीट पार पडला तर तिथल्या छायाचित्र विभागात कायमचं काम देऊ, असंही त्यांनी बोलून ठेवलं होतं. लालचंदजींनी दुकानात पेढे वाटले.

कॅटलॉग हातात पडला त्याच दिवशी मी तो मामांकडे घेऊन गेले. लिलावाला नऊ दिवस होते. त्यांनी चष्मा पुसला, मुखपृष्ठ बघितलं, मग खिडकीपाशी नेऊन बघितलं. "हे झाडं कुठचे मन्ते?" त्यांनी विचारलं.

"काश्मीरची. चिनार."

माझ्याकडे फोटोची मोठी प्रत होती, ती मागून घेतली, भिंग मागितलं. मामीने चहा आणला, तो गार झाला. बऱ्याच वेळाने त्यांनी भिंगाखाली एका जागी नख टेकवलं. एका बुंध्यावर सालीचा चौकोनी तुकडा काढलेला होता. माझ्या टिपणात मी तिथे 'खोडावरील इजा' असं लिहिलं होतं. "ही इजा नोहे," मामा म्हणाले. "औषधाले साल काढेत. काढनाऱ्यानं सगळी नाही काढली, झाड मरू नये मनून." मग नख खाली वाळूवर आलं. तिथे काही बारीक काळे ठिपके होते, मी ते खडे समजले होते. "हे कहू होय, बाई. अर्जुन मन्तात ना पुस्तकात, थे. अन हे त्याचे फळं पडून हायेत. काठ आपल्या कन्हानसारखा दिसते."

मी हसले. मग मला राग आला. मी म्हणाले, मामा, तज्ज्ञांनी बघितलंय हे. "पाह्यलं असन," ते म्हणाले. "तू पाह्यलं का?"

तो प्रश्न मला झोंबला. मी पुरावा मागितला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला गाडी खापरखेड्याच्या रस्त्याला घ्यायला लावली. वीजकेंद्राच्या चिमण्या मागे टाकून आम्ही कच्च्या रस्त्याने कन्हानच्या काठाला उतरलो. मार्च लागला होता, नदी बारीक झाली होती. काठावर तीन-चार कहू होते, फोटोतल्याइतके मोठे नव्हते, पण जातीने तेच. पांढुरकी साल, पोपडे, भिंतीसारखे पाय. मी एकेक गोष्ट फोटोशी ताडून बघत होते. मामांनी खाली वाकून वाळूतून एक वाळकं फळ उचललं आणि माझ्या हातावर ठेवलं. कमरखासारखं, पाच धारांचं. चिनारचं फळ गोल गोळ्यासारखं असतं, हे मलाही माहीत होतं. मी मोठी प्रत गाडीच्या बॉनेटवर पसरली, भिंग लावलं. फोटोतल्या वाळूवरचा सगळ्यात पुढचा ठिपका ठिपका नव्हताच. त्याच्या धारा मोजता येत होत्या.

"मामा, हे कुणाला सांगू नका," मी म्हणाले.

"मी कोनाले सांगू? माह्यं नाव थोडंच छापलं हाय त्याच्यात."

मग आम्ही सावलीत बसलो आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी आधी कधी ऐकली नव्हती. नोकरीत नवे असतानाची. तोडायच्या झाडांवर हातोड्याने सरकारी शिक्का मारायचं काम त्यांच्याकडे होतं. ओळीत चालता चालता एका जुन्या मोहावर शिक्का बसला. तो मोह यादीत नव्हता आणि शेजारच्या पाड्याची पूजा त्याच्याखाली व्हायची. दुपारी जेवताना त्यांच्या लक्षात आलं. साहेब तापट होते, नोकरी कच्ची होती. आज सांगू, उद्या सांगू, असं करत दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी गेले तर तिथे नुसता खुंट उरला होता आणि पाड्यातली माणसं त्याच्याभोवती बसून होती. "कोनी मले काही बोललं नाही," मामा म्हणाले. "पानी पाजलं मले त्याईनं." एवढंच सांगून ते उठले. मला काय करायचं ते सांगितलं नाही.

ते आठ दिवस मी कसे काढले, ते माझं मला माहीत. मी कुणालाच काही सांगितलं नाही. रोज ठरवायची, आज संस्थेला फोन करते. रोज एक कारण सापडायचं. लालचंदजींचा चेहरा डोळ्यांपुढे यायचा. कधी वाटायचं, मामा चुकत असतील. कधी वाटायचं, झाडं कुठलीही असोत, फोटो तर सुंदर आहे... आणि शेवटी मी विमानात बसले आणि मुंबईला गेले.

लिलावाच्या दिवशी सकाळी वस्तू बघायला ठेवल्या होत्या. आमचा फोटो हॉलच्या मधोमध, एकट्या भिंतीवर होता. त्याच्यासमोर एक सत्तरीपुढची बाई उभी होती. साधी सुती साडी, हातात काठी, बरोबर कुणी नाही. ती इतका वेळ तिथे उभी होती की मी जवळ गेले. तिने माझ्या गळ्यातला संस्थेचा बिल्ला बघितला आणि हिंदीत म्हणाली, "ये हमारे घर के पीछे वाले हैं." तिचं घर काश्मिरातल्या एका गावात होतं, नदीला लागून. ते सोडून यावं लागलं त्याला आता कितीतरी वर्षं झाली होती. घर राहिलं नव्हतं, झाडं राहिली की नाही हे सांगणारं कुणी नव्हतं. कॅटलॉगमध्ये हा फोटो बघून ती पुण्याहून आली होती. तिने सातव्या झाडाकडे बोट केलं. "इसके नीचे मेरी माँ बाल धोती थी." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "आप ही ने लिखा है ना? भगवान आपका भला करे."

मी बाहेर व्हरांड्यात आले. लिलाव सुरू व्हायला चाळीस मिनिटं होती. मी मामांना फोन लावला. मामीने उचलला. मामा छातीच्या तपासणीला दवाखान्यात गेले होते आणि मोबाइल नेहमीसारखा घरीच होता. "काही निरोप हाय का वं?" तिने विचारलं. मी म्हणाले, आल्यावर फोन करायला सांग, लगेच. मग मी त्या व्हरांड्यात उभी राहिले. आत लोक खुर्च्यांवर बसायला लागले होते. विभागप्रमुख बाई दारातून मला हात करत होत्या. ती म्हातारी बाई पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसली आणि बोली लावायची पाटी मांडीवर उपडी ठेवून तिच्यावर दोन्ही हात ठेवले. वीस मिनिटं उरली. पंधरा. माझ्या पर्समध्ये ते पाच धारांचं फळ होतं, मी ते चाचपून बघत होते. दहा मिनिटं राहिली तेव्हा फोन वाजला.

मी धडाधड सगळं सांगितलं. त्या बाईचं, तिच्या आईचं, केस धुण्याचं. मामा ऐकत होते. पलीकडे त्यांना लागलेली धाप ऐकू येत होती, जिने चढून आले असणार.

"मले इचारून तू काय करशीन?" ते म्हणाले. "मी सांग मन्लं तं सांगशीन, नोको मन्लं तं चूप राह्यशीन?"

"तसं नाही, मामा."

"मंग फोन काहून केला?"

"भीती वाटून राहिली." किती वर्षांनी मी त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलले होते कोण जाणे.

ते म्हणाले, "वाटीनच. मलेही वाटली होती. माह्यावाला मोह पडला, बाई... तुह्यं झाड अजून उभं हाय. जा."

मी आधी त्या बाईकडे गेले, संस्थेकडे नाही. तिच्या खुर्चीशेजारी खाली बसले आणि सांगितलं. ही झाडं काश्मीरची नाहीत, चिनार नाहीत, माझी चूक झाली. पर्समधून फळ काढून तिच्या हातावर ठेवलं. तिने ते बोटांनी फिरवून बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी हळूहळू मागे गेलं आणि मला वाटलं, मी हिचं घर दुसऱ्यांदा नेलं. ती रडली नाही. तिने विचारलं, "तो फिर ये कहाँ के हैं?" मी म्हणाले, नागपूरकडची, बहुतेक कन्हान नदीची. "आपको किसने बताया?" मी म्हणाले, माझ्या मामांनी. तिने पर्समधून आपल्या नावाचं कार्ड काढून मला दिलं आणि म्हणाली, "उनको मेरा नमस्कार कहिए." मग काठी घेऊन ती उठली आणि हॉलच्या बाहेर गेली.

पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. विभागप्रमुख बाईंनी माझं ऐकून घेतलं, फोटो लिलावातून काढला, तशी घोषणा केली आणि मला म्हणाल्या, "तुम्ही आता गेलात तरी चालेल." त्यानंतर त्या संस्थेतून मला कधी फोन आला नाही. लालचंदजी नागपुरात माझ्या कामाच्या खोलीवर आले. ते ओरडले नाहीत. टेबलावर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, तीन महिने फोटो तुमच्यापाशी होता. तेव्हा हे झाडं नाही दिसले?" त्याच महिन्यात माझ्याकडची दोन मोठी कामं लोकांनी परत नेली. आणि माझ्या मनात जी चीड साठत गेली ती माझ्यावर नव्हती, मामांवर होती. त्यांनी त्या दिवशी भिंग मागितलं नसतं तर... असं मी खरोखर म्हणत होते. राखीला गेले नाही. राखी बांधायला त्यांना बहीण उरली नव्हती, आई गेल्यापासून तिच्या नावाने मीच बांधायची. दिवाळीलाही गेले नाही. त्यांनीही फोन केला नाही. त्या बाईचा नमस्कार माझ्यापाशी तसाच पडून राहिला.

नोव्हेंबरात एका दुपारी लालचंदजींचा फोन आला. "मॅडम, तुमचे मामा माझ्या दुकानात बसून हाय. दर गुरुवारी येतात. तुम्हाला माहीत नाही?" मला माहीत नव्हतं. मी गेले. कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये गादीवर मामा मांडी घालून बसले होते, समोर तो फोटो, वर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने काहीतरी उतरवत होते. झाडं नाही, त्यांच्यामागचा पलीकडचा काठ. तिथे एक काळा तिरपा खडक होता, मधोमध चीर गेलेला. झाडं तुटतात, खडक तिथेच असतो, असं ते लालचंदजींना समजावून सांगत होते. चार महिने हा माणूस फोटोतली जागा शोधत स्कूटरवरून कन्हानच्या काठाने फिरत होता, गुडघ्याला पट्टा बांधून, तो कागद पिशवीत घेऊन. मला बघून ते एवढंच म्हणाले, "आली का. बस." लालचंदजींनी तिघांसाठी चहा सांगितला.

त्यानंतरचे रविवार मी गाडी चालवली. तेच वळण, तोच काठ, उतरायचं, कागद धरायचा, नाही म्हणून पुढे जायचं. कितीदा मला वाटलं, हे थांबवावं. त्यांचा चेहरा चढणीवर राखेसारखा व्हायचा, ते गोळी जिभेखाली ठेवून झाडाला टेकून उभे राहायचे आणि मी मनात आकडे मोजायची, एक, दोन, तीन, रंग परत येईपर्यंत. मामीने मला फोनवर बजावून ठेवलं होतं, "त्याईले घेऊन जातेस तं परत घेऊन ये." जानेवारीच्या मधल्या एका रविवारी, दुपारी बाराच्या सुमाराला, त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला आणि तो खाली केलाच नाही. मी मागून जाऊन बघितलं. कागदावरची रेघ आणि पलीकडचा खडक एकावर एक बसले होते. चीरसुद्धा.

सातांपैकी एक झाड उरलं होतं. आतून पोकळ, शेंडा गेलेला, पण बाजूने हिरवं. बाकीच्या जागी शेत होतं, कुणाचा तरी पंप होता. मामा त्या झाडाजवळ गेले आणि सालीवर तळवा ठेवून उभे राहिले. मी तेव्हा त्यांना तो नमस्कार सांगितला, दहा महिने उशिरा. जिच्यासाठी तुम्ही मला जा म्हणालात, त्या बाईने सांगितला होता. उशीर झाला, मामा, मी म्हणाले. माफ करा असं मला म्हणायचं होतं, ते मात्र तोंडातून निघालं नाही. त्यांनी मान हलवली. "तिले ह्या झाडाचा फोटो पाठव," ते म्हणाले. "खालती लिही, हे कन्हानचं हाय. तिचं नोहे, पन हाय."

मी पाठवला. उत्तर आलेलं नाही, बहुधा येणारही नाही. लालचंदजींनी मूळ फोटो नव्या माहितीसकट पुन्हा लिलावात ठेवला होता, दुसऱ्या एका संस्थेत. कुणीही पाटी वर केली नाही. तो परत आला तेव्हा त्यांनी तो दुकानात लावला, ऊन येणार नाही अशी जागा मला विचारून. मामांच्या तेराव्याला ते पांढरा सदरा घालून आले होते आणि मांडवात सगळ्यांत शेवटी उठले.

गेल्या आठवड्यात मी मामीकडे गेले होते. मामांची खोली तिने अजून आवरलेली नाही. भिंतीवर वनखात्याचं कॅलेंडर, पलंगाखाली पिशवी, खिडकीशी त्यांची वेताची खुर्ची. मामा त्या खुर्चीत बसण्याआधी जमिनीवर दोनदा पाय आपटायचे. जंगलातली सवय, खाली काही असलं तर सरकून जावं म्हणून. सिमेंटच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, निवृत्तीनंतरची पंधरा-सोळा वर्षं ते पाय आपटत राहिले आणि मामी त्यावरून त्यांना बोलत राहिली. त्या दिवशी ती मला म्हणाली, तू पलंगावर बस, मी इथी बसतो. खुर्चीपाशी गेली, थांबली, आणि तिने दोनदा पाय आपटला. मी तिच्याकडे बघितलं.

"काहून वं पायतं?" मामी म्हणाली. "त्याईनं शिकवलं नाही मले. मी पाह्यलं."

मग ती खुर्चीत बसली.